जपून म्हणजे किती हात?

आमच्या मिस्तरींसमोर कोणी कोणाला "जपून काम कर" म्हटलं, की ते हातातली छत्री त्याच्यापुढे आडवी धरायचे आणि विचारायचे, "जपून म्हंजे किती हात?"

समोरचा गांगरायचा. मग मिस्तरी त्याला घेऊन जायचे आणि छत्रीने जमीन मोजून दाखवायचे. सडक दाबणाऱ्या चालत्या रोळाच्या मागे इतकं अंतर, घण मारणाऱ्याच्या समोर इतकं, डांबराच्या कढईपासून इतकं. त्या छत्रीचं कापड केव्हाच गेलं होतं. काड्या सुतळीने घट्ट बांधलेल्या होत्या आणि पुढचं लोखंडी टोक झिजून बोथट झालं होतं. ती उन्हापावसासाठी नव्हतीच. तिची लांबी नेमकी दोन हात होती, आणि मिस्तरींना तिचा उपयोग तेवढाच होता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. अकोल्याहून बाळापूरकडे जाणारी सडक खडी-मुरूम टाकून रुंद करायचं काम चाललं होतं आणि मी तिथे हजेरी कारकून होतो. वडील अमरावतीला वकील. मी वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास झालो, तेव्हा त्यांनी कोणाच्या तरी ओळखीने मला सडकेवर चिकटवून दिलं. ही हकिकत मिस्तरींना पहिल्याच आठवड्यात कळली आणि त्या दिवसापासून ते मला "वकील" म्हणू लागले. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे मला पुष्कळ दिवस ओळखता आलं नाही.

ते स्वतः अकोल्याजवळच्या एका भाजीपाल्याच्या मळ्यातले. भाऊ मळा बघायचा आणि हे तरुणपणीच कुदळ घेऊन सडकेवर आले, ते टोळीतून मुकादम आणि मुकादमाचे मिस्तरी झाले. उंच, वाळके, गुडघ्यापर्यंत धोतर आणि त्यावर कोणा साहेबाने दिलेला गरम कोट, तोही भर वैशाखात. कोटाच्या दोन्ही खिशांत नेहमी काहीतरी भाजी असायची. माणसांची नावं ते सहसा लक्षात ठेवत नसत, पण कोणाला कधी कुठे लागलं होतं हे त्यांना पाठ होतं. कामावर येणाऱ्याला ते रामराम घालण्याऐवजी विचारत, "अंगठा कसा हाय?" नाहीतर, "डोळा आता पाझरत नाही ना?"

ते येण्याआधी माझं सकाळचं एक काम ठरलेलं होतं. वरून एक छापील कागद आला होता. त्यात मजुरांना रोज कामापूर्वी वाचून दाखवायच्या सूचना होत्या. हजेरी झाली की मी तंबूच्या दाराशी उभा राहून तो कागद वाचायचो. "उत्खनन करितेवेळी कड खालून पोखरण्यास सक्त मनाई आहे," अशी त्याची भाषा. पुरुष तंबाखू मळत ऐकायचे. बाया मागे उभ्या असायच्या, त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचतच नव्हता. तीनेक मिनिटांत सगळं उरकायचं आणि कागद परत खिशात जायचा.

मिस्तरी आले त्या पहिल्या सकाळी त्यांनी माझं वाचन शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग गर्दीतून वाट काढत मागे गेले आणि एका बाईला विचारलं, "बाई, काय सांगतलं त्यायनं?"

ती बाई म्हणजे सरजाबाई. मुरमाच्या टोपल्या वाहणारी, चाळिशीतली, कमी बोलणारी. ती म्हणाली, "सरकारचं काईतरी हाय, बाप्पा."

मिस्तरींनी माझ्या हातून कागद घेतला, नीट घडी घातली आणि वांग्यांच्या खिशात ठेवला. सगळ्यांना खाली बसवलं, बायांना पुढे घेतलं आणि विचारलं, "काल कोणाले कुठं भेव लागलं?"

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. नथ्थू मुकादम गालातल्या गालात हसला. मिस्तरी छत्रीवर रेलून बराच वेळ थांबले आणि मग म्हणाले, "चाला कामाले." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवस हा माणूस रोज सकाळी एकच प्रश्न विचारत होता आणि शंभरेक माणसं गप्प बसून होती. आमचे ओव्हरसियर साहेब पुण्याकडचे. सायकलवरून उतरून ते हे बघायचे आणि मला हळूच विचारायचे, या गृहस्थांचं डोकं ठिकाणावर आहे ना. भीती वाटली म्हणून भर कामावर कबूल करणारा मजूर त्यांनी कधी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता.

नवव्या दिवशी मिस्तरींनी सभा तंबूपासून उचलून सडकेवर नेली, उभ्या रोळापाशी. रोळाच्या ड्रायव्हरला वर चढून बसायला सांगितलं. मग कोट काढून माझ्याकडे दिला आणि धुतलेल्या धोतरानिशी रोळाच्या मागच्या चाकापाशी खडीवर सरळ आडवे झाले.

"मी दिसतो का बे?" त्यांनी खालून विचारलं.

ड्रायव्हर मान वळवून, वाकून, उठून बघत होता. शेवटी म्हणाला, "नाही दिसत."

"मंग मी मेलो," मिस्तरी म्हणाले आणि पडल्या पडल्याच सांगू लागले. काल रोळ मागे येत होता, मी चुना टाकाले वाकलो होतो, मले रोळ चार हातांवर आला तवा समजलं. रात्री जेवण गेलं नाही. असं सगळं त्यांनी सांगितलं. माणसं हसली. मिस्तरीला भेव लागतं म्हणून हसली, पण त्या हसण्यातच काहीतरी सैल झालं. मिस्तरी धोतर झटकत उठले तेव्हा मागून एकाने सांगितलं, की त्यालाही रोळाचं तसंच होतं. मग कढईवरचा एक जण बोलला. मग एका बाईने सांगितलं, की लेकरांच्या झोळ्या ज्या निंबाला बांधतात, त्याच्या बुंध्याशीच गाडीवाले बैल सोडतात आणि तिचा जीव दिवसभर तिकडे असतो. त्या दिवसापासून सभेत सगळ्यात आधी झोळ्या कुठे बांधायच्या हे ठरू लागलं.

जो कोणी आपली भीती सांगेल त्याला मिस्तरी खिशातली भाजी द्यायचे. वांगी, दोडका, कधी आख्खा भोपळा. साहजिकच थोड्या दिवसांत भीतीचं पीक आलं. एकाला खडीची भीती वाटली, एकाला कावळ्याची, आणि एकाला चक्क नथ्थू मुकादमाच्या बायकोची. मिस्तरी कोणाला खोटारडा म्हणाले नाहीत. ते फक्त म्हणायचे, "दाखव." मग त्या माणसाला सगळ्यांसमोर उठून जागेवर जाऊन दाखवावं लागे, की भीती नेमकी कुठे आहे आणि तिच्यापासून किती हात लांब राहायचं. ज्याला दाखवता यायचं नाही तो हसत परत येऊन बसायचा. ज्याला दाखवता यायचं त्याच्या म्हणण्यावरून त्या दिवसाचं काम मांडलं जायचं. खडी फोडणाऱ्यांची तोंडं एकमेकांकडून फिरवून पाठीला पाठ केली, ती अशाच एका भोपळ्यापायी. त्यानंतर डोळ्यात कपच्या जाणं जवळजवळ बंद झालं.

एकदा त्यांनी मला विचारलं, "वकील, तुमाले काल कुठं भेव लागलं?"

मी म्हटलं, मला कुठेच नाही.

"मंग तुमी कामावर येतच नाही," ते म्हणाले आणि पुढच्याकडे वळले. सगळ्यांसमोर असं बोलल्याचा मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. माणसाच्या मानापानाचं त्यांना काही कळत नसे, हा त्यांचा दोष मला मान्य केलाच पाहिजे.

थंडीच्या तोंडावर मिस्तरींना हिवताप भरला. चार दिवस ते अंगावर काढत राहिले. दुसऱ्यांना दुखणं सांगायला लावणारा हा माणूस स्वतःचं सांगत नव्हता. पाचव्या दिवशी रोळाला धरून थरथरत उभे राहिले, तेव्हा आम्ही त्यांना जबरदस्तीने गाडीत घालून भावाच्या मळ्यावर धाडलं. जाताना म्हणाले, "सभा तुमी घ्या, वकील. इचारा आन उगे बसा."

मोठ्या साहेबांचा दौरा जवळ आला होता आणि मैलभर मुरूम अजून पडायचा होता. त्या सकाळी ओव्हरसियर साहेब सायकलीचा दांडा हातात धरून सभेपाशीच उभे होते. मी आधी त्या जुन्या छापील कागदाची तंबूतली दुसरी प्रत काढून वाचून दाखवली. साहेब समोर असताना तेच बरं दिसेल असं मला वाटलं. मग विचारायचं म्हणून विचारलं, की कोणाला काही सांगायचं आहे का.

सरजाबाई उभी राहिली. तिने सांगितलं, की मुरमाच्या खदानीवर, कडेपासून चारेक हात आत, एका रेघेत गवत वाळलं आहे आणि आजूबाजूचं हिरवं आहे. परवा नव्हतं. खाली पोखरून घेतलेलं आहे आणि वरून रेघ पडली आहे.

ओव्हरसियर साहेबांनी घड्याळ पाहिलं. मिस्तरी असते तर म्हणाले असते, दाखव. खदान तिथून दोन फर्लांगांवर होती. मी म्हणालो, "बरं, जपून काम करा," आणि हजेरीची वही मिटली.

सरजाबाई खदानीपर्यंत गेली, पण आत उतरली नाही. वरच्या बाजूला, रेघेपासून लांब, टोपली पालथी घालून तिच्यावर बसली. तिच्याबरोबरच्या अकरा बायाही बसल्या. नथ्थूने निरोप आणला. साहेब म्हणाले, काम करत नाहीत तर गैरहजर मांडा. मी मांडलं. बारा नावांपुढे बारा फुल्या.

दुपार व्हायच्या आत कडा खाली आला. खाली तिघं पुरुष होते. दोघं उडी मारून निसटले. तिसरा किसन, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा गडी, छातीपर्यंत गाडला गेला. मी पोचलो तेव्हा सरजाबाई आणि त्या बाया खाली उतरून हातांनी मुरूम उपसत होत्या. कुदळ लावायची सोय नव्हती, त्याला लागली असती. किसन ओरडत नव्हता. तो एकसारखा विचारत होता, "माहे पाय हायेत ना? माहे पाय हायेत ना?" मीही गुडघे टेकून हातांनी उपसू लागलो. माझ्या हातांना त्याआधी कधी मुरूम लागला नव्हता.

अकोल्याच्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी मिस्तरी बैलगाडीतून आले. तोंडावर हिवतापाची पिवळी कळा, अंगात तोच कोट. मी तंबूत बसलो होतो. ते मला बोलतील म्हणून मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ते काही बोलले नाहीत. सकाळी सभा खदानीपाशी घेतली, पडलेल्या कड्यासमोर. सगळे बसल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "वकील, काय झालं थे तुमी सांगा."

मी उभा राहिलो. सरजाबाईने काय सांगितलं, मी कसा खदानीवर गेलो नाही, काय म्हणालो, सगळं सांगितलं. माझं झाल्यावर मिस्तरींनी सरजाबाईला विचारलं, "काई रायलं का?"

ती खाली बघत म्हणाली, "आमाले गैरहजर मांडलं, थे नाही सांगतलं."

मी वही काढली. तिथेच, सगळ्यांसमोर, बारा फुल्या खोडून बारा हजेऱ्या मांडल्या. मिस्तरी कड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चूक माही हाय. म्या या लोकायले बोलाले शिकवलं. आयकाले कोणालेच शिकवलं नाही." आणि त्यांनी नवा नियम घातला. ज्याने भीती सांगितली, त्याच्याच तोंडून "चाला" निघालं पाहिजे. त्याला दाखवा, वाटलं तर टेकू लावा, कडा वरून पायऱ्या करत उतरवा, काय करायचं ते करा, पण तो माणूस जोवर "चाला" म्हणत नाही तोवर त्या जागी कोणी पाऊल टाकायचं नाही. मिस्तरीनेही नाही, साहेबानेही नाही.

चौकशी झाली. ओव्हरसियर साहेबांनी एक जबाब तयार करून माझ्यापुढे ठेवला. सूचना त्या दिवशी सकाळी वाचून दाखविल्या होत्या, कड पोखरू नये हेही सांगितले होते, मजुरांनी ते पाळले नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी खरोखरच त्या दिवशी कागद वाचला होता. साहेब वाईट मनुष्य नव्हते. त्यांच्या घरी आजारी आई होती आणि नोकरी नवी होती. ते म्हणाले, सही करा, यात तुम्हीही वाचता आणि मीही.

मी मिस्तरींकडे गेलो. ते चुलीपाशी बसून भाकर खात होते. मी त्यांना जबाब वाचून दाखवला आणि काय करू म्हणून विचारलं. त्यांनी भाकर खाली ठेवली. "मले काहून इचारता, वकील? तुमाले भेव कायचं लागून रायलं, थे पाहा." इतकंच. मग परत भाकर उचलली.

मला नोकरीची भीती होती. वडिलांच्या तोंडाची होती. पण त्याहून जास्त भीती होती ती रोज सकाळी त्या सभेत जाऊन सरजाबाईसमोर बसायची, हे मला त्या चुलीपाशी उभं असताना कळलं. मी सही केली नाही. माझा वेगळा जबाब लिहिला आणि मोठ्या साहेबांच्या हातात दिला. त्यांनी मिस्तरींना बोलावून विचारलं, की दोष कोणाचा. मिस्तरींनी सांगितलं, "बाईनं सांगतलं होतं सायेब, आमी आयकलं नाही." आमी म्हणजे कोण, असं साहेबांनी विचारलं. "माह्यापासून मोजा," मिस्तरी म्हणाले.

माझी बदली अमरावतीच्या कचेरीत कागदपत्रांच्या खोलीत झाली आणि पुढची बरीच वर्षं मी तिथेच राहिलो. ओव्हरसियर साहेबांना दुसऱ्या सडकेवर धाडलं. मिस्तरींना चिखलदऱ्याच्या घाटात पाठवलं. घाटातल्या जंगलाची हवा हिवतापाच्या माणसाला मानवणारी नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाण्याआधी त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली आणि ती मिळेपर्यंत कचेरीच्या पायरीवरून उठले नाहीत. किसनला कामावर घ्यायचं. कुबडी घेऊन किसन आला तेव्हा त्याच्या हाती लाल बावटा दिला गेला, सडक अरुंद होते त्या जागी गाड्या थांबवायला. आणि रोज सकाळी सभेत प्रश्न विचारायचं कामही मिस्तरींनी त्यालाच देऊन टाकलं. नथ्थू मुकादम मला पुढे एकदा भेटला तेव्हा म्हणाला, की किसनने विचारलं की कोणी हसत नाही, आणि कावळ्याची भीती वाटणारे तर पार बंद झाले.

आणखी एक सांगायचं म्हणजे, दोनेक वर्षांनी मला ओव्हरसियर साहेबांचं पत्र आलं. खुशालीच्या चार ओळी, आणि मग विचारणा, की त्या सभेत माणसांना बसवायची पद्धत नेमकी कशी होती, बाया पुढे की मागे, आणि पहिले आठ दिवस कोणी बोललं नाही तर काय करायचं. मी त्यांना सविस्तर उत्तर पाठवलं.

मिस्तरींना मी त्यानंतर एकदाच भेटलो. घाटाचे काही नकाशे पोचवायला मला चिखलदऱ्याला धाडलं होतं. वळणावर काम चाललं होतं तिथे सकाळीच पोचलो, तर साठ-सत्तर माणसं सडकेच्या कडेला बसलेली आणि काम बंद. मिस्तरी पार वाळले होते, केस पांढरे झाले होते. मला पाहून म्हणाले, "या वकील, बसा." इतक्या वर्षांनी भेटल्याचं याहून जास्त काही नाही.

झालं होतं असं, की कामावर नवीन आलेल्या एका पोरसवदा बाईने सभेत सांगितलं होतं, की वळणाच्या वरचा मोठा धोंडा खालून ओला दिसतो आणि काल तो कोरडा होता. ती बोलताना इतकी घाबरली होती, की तिला दोनदा बसावं लागलं. मिस्तरींनी तिला दाखवायला लावलं. ओल खरोखरच होती. दोन माणसं दोर बांधून लांबच्या वाटेने वर चढली होती. तोवर कोणी वळणाखाली जायचं नव्हतं. तिथले ओव्हरसियर येरझारा घालत होते. एक सरकारी मोटार बावट्यापाशी येऊन थांबली होती आणि आतले गृहस्थ पुन्हा पुन्हा बाहेर डोकं काढत होते. बाई पदराचं टोक चावत बसली होती. ऊन वर आलं. दुपार झाली.

वर गेलेल्यांनी हाक दिली तेव्हा कळलं. पाणी वाहणाऱ्या भिस्त्याने काल संध्याकाळी आपली कातडी पखाल धोंड्यावरच्या झाडाला टांगली होती आणि ती रात्रभर गळत होती.

सगळे जण खदाखदा हसले. मोटारीतले गृहस्थसुद्धा हसले. बाईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि आतून म्हणू लागली, चुकलं बाप्पा, माफी करा. मिस्तरी हसले नाहीत. तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले आणि अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "उद्या दिसलं, त उद्या बी सांगजो."

मग ते थांबले. ओव्हरसियर थांबले, मोटार थांबली, सत्तर माणसं थांबली. बाईने हळूहळू तोंडावरचे हात काढले. वर धोंड्याकडे एकदा नीट पाहिलं, मिस्तरींकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चाला."

माणसं उठली. कुदळी, घमेली उचलली गेली. मोटार पुढे गेली. त्या दिवशी घाटात काहीच झालं नाही. संध्याकाळी सगळी टोळी आपापल्या पायांनी बोलत, भांडत, तळाकडे उतरली, आणि मिस्तरी वळणावर उभे राहून शेवटचं माणूस नजरेआड होईपर्यंत बघत राहिले. मी बाजूला उभा होतो. अर्धा दिवस वाया गेल्यावर एवढा आनंदात असलेला माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.